तिसऱ्या गाण्याचा चाहता

पाखरं तिकीट न लावता गायची, त्या काळातली गोष्ट. चिंचेवर चार म्हाताऱ्या साळुंक्यांचा नावाजलेला बँड होता. दर रविवारी तीच सात गाणी, त्याच क्रमाने. तिसऱ्या गाण्यात चौघी डोळे मिटून जोरजोरात माना हलवायच्या.

शेजारची खार म्हणाली, "बायांनो, मला काय करायचंय म्हणा, पण एखादं नवं घ्या की! निदान ते तिसरं तरी पाचवं करा."

"तू आपल्या चिंचा फोड," थोरली साळुंकी फणकारली. "तो बोका बघ, एक कार्यक्रम चुकवत नाही. त्याला विचार!"

खालच्या फांदीवरचा बोका गहिवरला. "क्रम बदलू नका हो, ताई. तिसऱ्याची वाट बघतच मी आठवडा काढतो."

साळुंक्या खूश झाल्या. खार शेंड्यावर सरकली. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात माना हलल्या, डोळे मिटले. उघडले तेव्हा थोरलीची जागा रिकामी होती आणि बोकाही गेला होता.

पुढच्या रविवारी तिघींनी तीच सात गाणी त्याच क्रमाने गायली. बोका वेळेवर येऊन बसला होता. थोरलीच्या आठवणीसाठी तिसरं तेवढं दोनदा घेतलं.