पागोळीपुरती जागा

गोदेकाठच्या एका नगरात एक राजा न्यायाने राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व गवंड्याच्या कुळात जन्माला आला होता. हात सावकाश, पण काम पक्के, असे लोक त्याच्याबद्दल म्हणत.

त्याच नगरात नागला नावाची कोष्टीण होती. तिचे घर पुरात गेले. नवरा, मुलगा, सून, पोरे धरून सात माणसे वर्षभर धाकट्या जावेच्या पडवीत राहत होती. जाऊ रोज चुलीपाशी विचारी, "काय जाऊबाई, यंदाचा पावसाळाही आमच्याकडेच का?" नागला ऐकून घेई आणि मनात जळे. पावसाआधी आपल्या छपराखाली जायचे, एवढे एकच तिच्या डोक्यात होते.

बोधिसत्त्वाने तिचे नवे घर आखले. चार खुंट्या ठोकून सूत ताणले. शेजारी इसिला नावाची एकटी म्हातारी राहत होती. तिच्या बाजूला त्याने हातभर जागा मोकळी सोडली.

"ही कशाला वाया घालवता?" नागलाने विचारले.

"ही पागोळ्यांची जागा, बाई. आपल्या छपराचं पाणी आपल्याच जमिनीत पडावं. म्हातारीची भिंत कच्च्या मातीची आहे."

पण नागलाला घरात दोन माग बसवायचे होते, एक नवऱ्याचा, एक मुलाचा. तिने पावलांनी मोजून पाहिले. दुसऱ्या मागाला हातभर जागा कमी पडत होती. गवंडी भाकरी खायला बसल्यावर तिने मागच्या कोपऱ्यातली खुंटी उपटली, म्हातारीच्या बाजूला हातभर सरकवून ठोकली आणि जुने भोक चिखलाने बुजवले. रस्त्याकडच्या खुंटीला तिने हात लावला नाही, ती सगळ्यांच्या नजरेत होती. हातभर जागेने कुणाचे काय जाते, असे तिने स्वतःलाच सांगितले.

भिंती छातीभर चढल्या. वासे चढवण्याआधी बोधिसत्त्वाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सूत धरले, तर दोन्ही तिरकी मापे जुळेनात. मागच्या कोपऱ्यात उकिडवे बसून त्याने माती खरवडली. बुजवलेले भोक सापडले. त्याने वर पाहिले. समोर नागला घागर घेऊन उभी होती.

"ही भिंत पाडावी लागेल," एवढेच तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का, गवंडीदादा?" नागला कडाडली. "महिन्यावर पाऊस आलाय, आणि उभी भिंत पाडता?"

"हिच्यावर छप्पर चढलं तर सगळं पाणी म्हातारीच्या भिंतीत मुरेल. ती निजते त्या भिंतीला लागून."

भिंत पाडायची तर गवंड्यांच्या श्रेणीचा, म्हणजे व्यवसायसंघाचा, मुखिया यावा लागे. तो आला, त्याच्यामागे बघेही जमले. श्रेणीचा नियम साधा होता. चूक गवंड्याची असेल, तर श्रेणीने माणसे लावून भिंत पुन्हा उभी करून द्यायची आणि त्या गवंड्याने वर्षभर थापी न धरता चिखल वाहायचा. चूक घरमालकाची असेल, तर त्याची भिंत त्याने बघावी.

"चूक कुणाची?" मुखियाने विचारले.

"पाया खणण्याआधी मी माप पुन्हा घेतलं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "ती चूक माझी."

"भिंत आहे का नदीचं वळण!" कोणीतरी हसले.

आता हा माझे नाव घेणार, म्हणून नागलाने भांडण तयार ठेवले होते. तुम्ही पाहिलंत का? साक्षीला कोण आहे? पण तो पुढे बोललाच नाही. तिचे भांडण तोंडातच राहिले.

मुखिया म्हणाला, "बाई, काळजी करू नकोस. उद्या दहा माणसं लावतो. पावसाआधी छप्पर चढेल."

आता नागला नुसती गप्प राहिली असती, तरी घर उभे राहणार होते. बोधिसत्त्वाने थापी मुखियापुढे ठेवली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चिखलाची पाटी उचलली.

"ठेवा ती पाटी खाली!" नागला ओरडली. "खुंटी मी हलवलीय. या माझ्या हातांनी. बघताय काय सगळे? जा आपापल्या घरी!"

बघे पांगले. मुखियाने थापी परत दिली आणि दहा माणसांचे बोलणे मागे घेतले.

"ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?" नागलाने विचारले.

"माझं मी सांगितलं. तुमचं तुमच्याकडेच होतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही भांडला असता."

"भांडलेच असते," नागला म्हणाली.

घरच्यांनीच भिंत उतरवली, घरच्यांनीच चिखल मळला. बोधिसत्त्व आपले काम आटोपून रोज दोन थर घालून देई. तरी पावसाने गाठलेच. इसिला म्हातारीची भिंत पावसाळाभर जागची हलली नाही. नागलाची सात माणसे पुन्हा पडवीतच राहिली.

"खरं बोलून काय मिळालं हो, जाऊबाई?" जावेने विचारले.

"तुझी पडवी," नागला म्हणाली. "आणखी चार महिने. सरक जरा, भाकरी करपतेय."

इतके सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना त्या जन्मीच्या माणसांची ओळख पटवून दिली. "आपला दोष कुणी न विचारता संघापुढे सांगणारी ही भिक्षुणी, तीच त्या वेळची नागला. तिला हसणारी तिची बहीण, ती जाऊ. जिला यातले काहीच ठाऊक नव्हते ती इसिला, आज दाराशी बसलेली ही वृद्ध उपासिका. आणि गवंडी मी होतो." आपल्या वाट्याची चूक आपल्याच तोंडाने, तिळभर कमी न करता सांगणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.