न पडलेली थाप

"...तेवढं एकदा सांगून टाका, बाबा. सूर मोठा का ताल?"

महिपती साळुंख्यानं हे चौथ्यांदा विचारलं. सोमगीर बाबा परातीत कणीक मळत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"पाणी दे," बाबा म्हणाले.

महिपतीनं तांब्या घेतला आणि ओतला.

"अरे, हळू. पोहायचं नाही मला त्यात."

महिपतीनं तांब्या खाली ठेवला. बाबांनी परातीत आणखी पीठ टाकलं. मग महिपतीनं घाबरत घाबरत थेंबभर पाणी घातलं. ते कमी पडलं.

महिपती म्हणजे खडकवाडीच्या भजनी मंडळाचा गाणारा. गळा चांगला. डोकं तेवढं चांगलं नाही, पण गळ्यापुढं त्याच्या डोक्याकडं गावानं कधी बघितलंच नव्हतं. तीस वर्षं तो गात होता आणि येसबा सुतार त्याला पखवाज वाजवत होता. ओळ संपली की येसबा उजव्या हाताची एक कोरडी थाप टाकायचा. दुसरं कुणी तशी टाकत नाही. ती पडली की महिपती मान हलवायचा. गावातले टवाळ लोक दोघांची नक्कल करायचे, एक मांडीवर हात मारायचा आणि दुसरा मान हलवायचा.

चैत्रात येसबाच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला. उजवा हात लोंबता राहिला तो राहिलाच.

आता शनिवारी तालुक्याला भजन स्पर्धा होती. महिपतीला येसबाच्या जागी कराडचा शिंदे बसवायचा होता. येसबाला ते अजून सांगितलं नव्हतं. सांगायला स्वतःचं तोंड होत नव्हतं, म्हणून बाबांचं तोंड उसनं मागायला मठात आला होता.

"तुमचा शब्द मंडळ मोडत न्हाई," महिपती म्हणाला. "येसबा बी मोडायचा न्हाई."

"कोणता शब्द?"

"सूर मोठा, म्हणून. गाणारा म्हणंल त्याला बसवावं."

"बरं. सूर मोठा. ताल बारका."

"हां." महिपतीचा चेहरा फुलला.

"मग त्या बारक्या कामाला कराडचा माणूस कशाला? येसबा बसेल."

महिपतीचा फुललेला चेहरा उतरला. मग म्हणाला, "तसं न्हवं, बाबा. एका हातानं काय वाजिवणार त्यो? ताल लंगडा झाला की गाणं पडतंय. परीक्षक मार्क कापत्यात."

"म्हणजे ताल मोठा."

"तसं बी..."

"ताल मोठा, तर बक्षीस शिंद्याचं. तू कशाला एस.टी.ला गर्दी करतोस? तो एकटा जाईल."

"नुसत्या पखवाजाला कोण बसतंय ऐकत? लोक माझं गाणं ऐकाया येत्यात."

"म्हणजे सूर मोठा."

"व्हय."

"मग येसबा बसेल."

महिपतीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मी मठातच राहायचो; तेव्हा चुलीसाठी लाकडं फोडत होतो. मी पण मनात एकदा इकडून आणि एकदा तिकडून जाऊन बघितलं. दोन्हीकडून येसबाच्याच दारात येत होतो. नाहीतर महिपतीनंच घरी बसायचं.

"तुम्ही मला गोल गोल फिरवताय," महिपती म्हणाला.

"मी बसलोय. फिरतोयस तू."

"बाबा, गेल्या साली पैलं बक्षीस तीन मार्कांनी गेलं. मी साठीला टेकलो. वरच्या पट्टीत आता खोकला येतो, तो मी दाबतो. कुणाला सांगितलेलं न्हाई." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी लाकडाकडं बघितलं. "पुढल्या साली गळा ऱ्हाईल का न्हाई, ठावं न्हाई. एकदा पैलं यावं एवढंच..."

बाबा मळत राहिले.

परातीतला गोळा मोठा झाला होता. मठात खाणारे दोनच, बाबा आणि मी.

"एवढी कणीक कुणाला?" महिपतीनं विचारलं.

"अर्धी तव्याला."

"आन् अर्धी?"

"येसबाला. येईल आता."

महिपती उठलाच.

"बस," बाबा म्हणाले.

तो बसला. पण पायताणं हाताशी ओढून बसला.

ही गोष्ट गावात कुणाला माहीत नव्हती. वैशाखापासून येसबा रोज ऊन कलल्यावर मठात यायचा. मठाचा जुना पखवाज होता, तो डाव्या हातानं वाजवायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय ते घुमत नाही. वाजवून झालं की ती काढायची. एका हातानं कणीक मळता येत नाही. म्हणून बाबा मळून ठेवायचे.

काठीचा आवाज आला. मागून येसबा आला. उजवा हात धोतराच्या सोग्यात खोचलेला.

"म्हैपती? हितं?"

"आलतो असाच."

"असाच तू तुझ्या सासऱ्याच्या मयताला बी गेला न्हाईस."

महिपतीनं पायताणं खाली ठेवली.

येसबानं परातीत बोट खुपसलं. "पाणी कमी हाय."

"महिपतीनं घातलंय," बाबा म्हणाले.

"तरीच. तीस वरसं माझ्या शेजारी बसला, पण पीठ कुटं जातंय ते बगितलं न्हाई."

"मी गाणारा माणूस," महिपती म्हणाला. "पीठ कशाला बगू?"

"नगं बगू."

येसबानं पाण्यात बोटं बुडवली आणि गोळा सारखा केला. पखवाज गुडघ्यांत उभा धरला, डावं तोंड वर. कणीक थापली. टिचकी मारली. चिमूटभर काढली. पुन्हा टिचकी.

"सूर दे," तो महिपतीला म्हणाला.

"मी?"

"मग कोण? रोज बाबा नाकात गुणगुणत्यात. आज एक, उद्या दुसराच. दोन म्हयनं मी या बेसुऱ्याला पखवाज लावतोय."

बाबा हसले. त्यांना राग येत नसे. मला यायचा, त्यांच्या वतीनं.

महिपतीनं डोळे मिटून षड्ज लावला. येसबानं आणखी चिमूट काढली. थोपटलं. पखवाज महिपतीच्या सुरात घुमला. महिपतीनं डोळे उघडले आणि पखवाजाकडं असं बघितलं, जणू त्याला कुणी नावानं हाक मारली.

"म्हण आता," बाबा म्हणाले.

"काय म्हणू?"

"शनिवारी म्हणणार आहेस ते."

येसबानं पखवाज मांडीवर आडवा घेतला. उजवा हात सोग्यातून काढला आणि उजव्या तोंडाजवळ मांडीवर ठेवला. ठेवला म्हणजे डाव्या हातानं उचलून ठेवला.

महिपती गायला लागला.

खरं सांगतो, ऐकवत नव्हतं. महिपतीचा आवाज चांगला होता. पण खालून नुसती डावी बाजू. धुम... आणि मग काही नाही. धुम... आणि मग काही नाही. उजव्या हाताच्या सगळ्या जागा रिकाम्या. जिन्याच्या पायऱ्या काढून घेतल्यावर माणूस जसा उतरेल तसं ते चाललं होतं.

पहिली ओळ संपली. जिथं येसबाची थाप पडायची ती जागा आली.

महिपतीनं मान हलवली आणि दुसरी ओळ उचलली.

दुसरी ओळ संपली. पुन्हा मान हलली.

"थांब," बाबा म्हणाले.

महिपती थांबला.

"मान का हलवलीस?"

"कवा?"

"आत्ता. दोनदा."

"थाप पडली की."

"कुठं पडली?"

महिपतीनं येसबाच्या उजव्या हाताकडं बघितलं. हात ठेवला होता तसाच होता. पालथा. त्यावर एक माशी बसली होती.

"...पडली न्हाई?"



मी सांगतो, थाप पडली नव्हती. मी पाच हातांवर होतो आणि माझे कान तेव्हा धड होते. त्या माशीला विचारा.

"येसबा," महिपती म्हणाला, "तू टाकलीस का न्हाई?"

"टाकली."

"हाताची हालचाल न्हाई तुझ्या."

"टाकायची तितं मी टाकली. हातालाच कळलं न्हाई, त्याला मी काय करू?"

महिपतीनं बाबांकडं बघितलं. बाबा रोट थापत होते.

"म्हंजे... ती मी ऐकली, का त्यानं वाजिवली?"

बाबांनी रोट तव्यावर टाकला.

"मी आज न्हाई ऐकली असं समजा," महिपती म्हणाला. "मग मान हलली कशी? आन् ऐकली असं समजा, तर ह्यांनी..." त्यानं माझ्याकडं बोट केलं, "ह्यांनी का न्हाई ऐकली? तुमी ऐकली का ओ?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

मला काय माहीत. मी लाकूड फोडलं.

येसबानं पखवाज बाजूला केला. "म्हैपती, शनिवारी तुला ज्येला बसवायचं त्येला बसव. मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"कराडचा शिंदे सोमवारी गावात आलता. तुझं घर त्यानं मलाच इचारलं."

महिपतीची मान खाली गेली.

"मी दावलं," येसबा म्हणाला. "दारापतूर नेऊन सोडला. माणूस बरा हाय. त्याचा पखवाज नटबोल्टचा हाय, पाना घिऊन हिंडतो. पर हात साफ हाय. पैलं येशील तू."

"तू मला बोलला न्हाईस."

"तू बोलायची वाट बगत हुतो. सोमवार गेला, मंगळवार गेला."

तव्यावर रोटाला एक फोड आली आणि बसली.

महिपतीनं पखवाज स्वतःकडं ओढला आणि डाव्या तोंडावरची कणीक नखानं खरवडायला लागला.

"नखानं नगं," येसबा म्हणाला. "कातडं फाटंल."

"मग कशानं?"

"ओलं फडकं घे."

महिपतीनं ओलं फडकं घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते काम केलं आणि तेही वाईट केलं. कडेला कणीक राहिली. येसबानं डाव्या हाताच्या बोटानं कडा दाखवली. महिपतीनं कडा पुसली. काढलेल्या कणकेचा गोळा मी गाईला घातला.

"परीक्षकाला थाप ऐकू यायची न्हाई, येसबा," महिपती पुसता पुसता म्हणाला.

"न्हाईच यायची."

"मार्क जात्याल."

"गेल्या सालासारखं तीनावर भागायचं न्हाई."

"लोक हसत्याल."

"मला हसतील. तुला न्हाई."

"मलाच हसतील. मी मान हलवणार."

येसबानं तोंड पलीकडं केलं. त्याचा चेहरा मला दिसला नाही आणि मी बघायलाही गेलो नाही.

महिपतीनं पखवाजाला गवसणी घातली. दोरी उलटी बांधली. येसबानं ती सोडायला आणि पुन्हा बांधायला लावली.

"शनिवारी सातची एस.टी. हाय," महिपती म्हणाला. "पखवाज मी घेतो. तू काठी घे. कणीक माझ्या घरनं मळून आणतो."

"पाणी नीट घाल."

"तू सांग किती ते."

"सांगून कळत न्हाई."

"मग आदल्या दिवशी येतो तुज्याकडं. मळताना बग."

येसबा उठला. महिपतीनं त्याला हात दिला, तो येसबानं घेतला नाही, काठी घेतली. दोघं पायऱ्यांपर्यंत गेले. शिंद्याला काय सांगायचं यावर तिथंच त्यांचं भांडण लागलं. येसबाचं म्हणणं, ज्यानं बोलावलं त्यानं सांगावं. महिपतीचं म्हणणं, ज्यानं घर दाखवलं त्यानं सांगावं.

येसबा खाली उतरला. महिपती मात्र खालच्या पायरीवरून परत वर आला. टोपी हातात होती. चेहरा मठात आला तेव्हापेक्षा जास्त गोंधळलेला.

"बाबा, ती थाप... म्हंजे ताल हाय का ओ ती? पण ती तर वाजलीच न्हाई. आन् वाजली न्हाई तरी मी सुरात उचललं. मग ते सुराचं म्हणावं का..."

बाबा तव्याकडं बघत होते.

"मी काय इचारायला आलतो ते ऱ्हाऊनच गेलं," महिपती म्हणाला. "सूर मोठा का ताल?"

बाबांनी रोट उलटला.

"मानेला विचार."