ठाण मांडून बसलेला पैलवान

"उद्या दिवस मावळायच्या आत माझ्या पैलवानाला या शाळेबाहेर काढा, नाहीतर परवापासून इथे माझे घोडे बांधतो!"

ओकिनावा बेटावरचे कुशी सरदार असे गरजले आणि कराटेच्या शाळेतल्या भल्याभल्या शिष्यांची तोंडं सुकल्या मुळ्यासारखी झाली.

भांडण कशावरून? जोड्यांवरून! सरदार जोड्यांसकट आत शिरत होते. तोकाशिकी गुरुजींनी नम्रपणे सांगितलं, "सरकार, इथे जोडे बाहेर काढतात आणि वाकून आत येतात." झालं! सरदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढे हातपाय चालवणारे गडी, एका पैलवानाला उचलून टाकायला कितीसा वेळ? अहो, तिथेच तर सरदारांची मेख होती! या शाळेचा पहिला धडा असा, की आपला हात आधी उठायचा नाही. समोरच्यानं मारलं तरच अडवायचं. आणि सरदारांचा ताइरा पैलवान मारायला येणारच नव्हता. तो येणार होता बसायला!

"शिवाय," सरदार मिशीला पीळ देत म्हणाले, "उद्धट आहे म्हणून हाकलाल, तर तेही जमायचं नाही. तुमच्या शाळेच्या सगळ्या रीती तो पाळेल. एक जरी मोडली तरी मी हरलो!"

दुसऱ्या दिवशी ताइरा आला. जोडे काढून नीट लावून ठेवले, कपाळ जमिनीला टेकेल इतका वाकला आणि खोलीच्या मधोमध बसला. बसला तो बसलाच! सरदार अंगणात तिवईवर बसून पंख्यानं वारा घेत मजा बघू लागले.

शिष्यांनी काय काय नाही केलं! एकानं बाहेर डुकराचं मटण शिजवलं. ताइरा म्हणाला, "वास झकास आहे. मीठ जरा कमी पडलंय." दुसरा ओरडला, "पळा, साप!" ताइरा म्हणाला, "त्यालाही जोडे बाहेर काढायला सांगा." थोरला शिष्य तर रडकुंडीला येऊन म्हणाला, "अहो, घरी तुमची आई वाट बघत असेल!" ताइरा म्हणाला, "आईनंच सांगितलंय, बसून खा."

सरदारांना हसून हसून ठसका लागला. दिवस कलला.

एवढ्यात डोक्यावर टोफूची पाटी घेऊन कामादो आली. बाई चाळिशीची, जीभ विळीसारखी. रोज शाळेला टोफू द्यायची आणि दारात उभी राहून अख्खा धडा डोळ्यांनी खायची. "गुरुजी, मलाही शिकवा की," असं तिनं किती वेळा म्हटलं असेल. गुरुजी दरवेळी म्हणायचे, "पुढच्या वर्षी पाहू." शाळेत घोडे आले तर कसलं पुढचं वर्ष!

तिनं शिष्यांकडून सगळं ऐकून घेतलं, पाटी खाली ठेवली आणि सरदारांसमोर उभी राहिली.

"सरकार, सगळ्या रीती म्हणजे सगळ्या ना? की आपल्या सोयीच्या तेवढ्याच?"

"सगळ्या! कुशी सरदाराचा शब्द आहे!"

कामादो दाराशी गेली. "काय रे पैलवाना, आज या शाळेत सगळ्यात नवा कोण?"

"मीच की!" ताइरानं छाती फुगवली.

"मग बसलास काय ढिम्म? पोतेरं कोण घेणार, तुझा मामा? इथे सगळ्यात नवा असेल त्यानं जमीन पुसायची असते!"

ताइरानं गुरुजींकडे पाहिलं. "खरं आहे," गुरुजी म्हणाले. "मी नवा होतो तेव्हा मीही पुसलीय."

"पूस रे, पूस!" सरदार अंगणातून ओरडले. "पुसल्यानं कुणी झिजत नाही!"

ताइरानं बादली घेतली. दारासमोरच्या भिंतीशी गुरुजींचं आसन; त्याकडे पाठ करायची नाही ही रीत, म्हणून तोंड तिकडे. ओल्या जागेवर पाय ठेवायचा नाही हीही रीत, म्हणून पुसत पुसत मागे सरकायचं. गडी आडदांड, पण कामाला चोख! जमिनीच्या लाकडी फळ्या आरशासारख्या चमकू लागल्या.

"वा! घरी बायकोला हे ठाऊक आहे का?" कामादो म्हणाली. "तो कोपरा राहिला बघ!"

ताइरानं कोपरा पुसला. मागे सरकला. आणखी मागे सरकला. आणि उंबऱ्याशी येऊन थबकला.

"आता एकच फळी राहिली," कामादो म्हणाली. "तिच्यावर तुझेच पाय आहेत."

ताइराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फळी पुसावी तर बाहेर जावं लागतं, न पुसावी तर रीत मोडते. त्यानं केविलवाण्या नजरेनं सरदारांकडे पाहिलं. सरदारांचा पंखा थांबला होता. शेवटी बिचारा अंगणात उतरला आणि ओणवा होऊन ती फळीही पुसली.

सरदार ताडकन उठले. "हा कावा आहे! ताइरा, जा परत आत!"

"जाऊ दे की सरकार!" कामादो म्हणाली. "जमीन वाळली की लगेच. मी कुठे अडवतेय? फक्त तेवढा वेळ सूर्याला थांबायला सांगा!"

सगळ्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य समुद्रात गळ्यापर्यंत बुडाला होता. बघता बघता डोकंही गेलं.

मग सरदारांचं पोट हलू लागलं, मिशी हलू लागली, आणि ते असे हसले, असे हसले, की तिवई उलटली!

"बाई, हात न लावता माझा हत्ती हलवलास! शाळा राहिली. तुला केळीच्या धाग्याचं उंची कापड देतो. आणखी काय हवं?"

"या शाळेच्या रांगेत जागा."

गुरुजी कामादोसमोर वाकले आणि आसन दाखवलं. रांगेच्या टोकाचं.

"छान!" सरदार डोळे पुसत म्हणाले. "गुरुजी, मलाही शिकावंसं वाटू लागलंय. आहे का आणखी एक जागा?"

गुरुजींच्या आधी कामादोच बोलली.

"आहे की सरकार! माझ्या खालची! पोतेरं तिथेच ठेवलंय!"

आणि नुकतेच सावरून बसलेले सरदार पुन्हा तिवईवरून पडले.