शेवटचा काळा केस

एका राज्यात मेघांबर नावाचा राजा होता, आणि राज्याचा सगळा गाडा ओढत होता घटाटोप राक्षस. विहीर खणा, पूल बांधा, महाराजांची पाठ खाजवा, घटाटोप कशालाही नाही म्हणत नसे. पुढं राजानं एका मांत्रिकाला दारात ताटकळत ठेवलं. मांत्रिकानं शाप दिला, की घटाटोपाच्या दर कामामागं राजाचा एक केस पांढरा होईल, आणि शेवटचा काळा केस गेला की राजाचा दगड होईल.

प्रधानानं धावपळ करून तीन यक्ष आणले. त्यांच्या कामाला शाप लागू नव्हता. पण महा नखरेल मंडळी! एक फक्त दळी, एक फक्त विणी, एक फक्त कुलपं उघडी. दुसरं काही सांगा, ढिम्म हलत नसत. राजाची घंटासुद्धा त्यांना ऐकू येत नसे. ती ऐकू येई एकट्या घटाटोपाला.

कामं वाटायला दरबाराच्या दारावर धनेश पक्षी बसला. आलेल्या कामावर दळणाचा शिक्का दिसला की ते दळणाऱ्याकडे, बिनशिक्क्याचं घटाटोपाकडे. यक्षाला काम झेपेनासं झालं की तो टाळी वाजवी, आणि उरलेलं घटाटोपाकडे जाई. टाळी ऐकली की घटाटोपाचे पाय आपोआप चालू लागत.

व्यवस्था चोख होती हो, राजाच चोख नव्हता. तहान लागली, वाजव घंटा. नाकावर माशी बसली, वाजव घंटा. वर्षभरात एकच काळा केस उरला.

राणी मंजुघोषेनं घंटेला फडकं गुंडाळलं, घटाटोपाला बसवून ठेवलं आणि मांत्रिकाचे पाय धरले.

मांत्रिक म्हणाला, "तीन कामं पाठवतो. सूर्यास्ताच्या आत झाली, तर शाप उतरेल."

पहिलं आलं डोंगराएवढं धान्य. दळणाऱ्यानं दुपारपर्यंत त्याचं पीठ केलं. दुसरी आली कोसभर लांबीची शाल. विणणाऱ्यानं न जेवता ती पुरी केली. तिसरी आली हजार कुलपांची पेटी. सूर्य टेकला, तीन कुलपं उरली, आणि यक्षानं दमून टाळी वाजवली.

घटाटोपाचे पाय चालू लागले. तो खांबाला मिठी मारून रडू लागला. राजावर त्याचा फार जीव होता.

राणी म्हणाली, "धनेशा, घटाटोपाखेरीज इथं रिकामं कोण आहे?"

धनेशानं मान वळवून दरबार न्याहाळला. "खरं सांगायचं, तर महाराज."

राजालाही दोन हात आहेत, हे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. राजाच्याही नाही.

"किल्ली कुठून धरायची?" राजानं विचारलं. राणीनं दाखवलं. पहिलं कुलूप उघडलं. दुसऱ्यानं बोट चिमटलं. तिसरं उघडलं तेव्हा सूर्याची नुसती कड उरली होती. तत्क्षणी शाप उतरला, डोकं काळंभोर झालं, आणि घटाटोप खांब सोडून खाली बसला.

तेव्हापासून यक्षानं टाळी वाजवली की धनेश आधी राजाला हाक मारतो. राजाच्या हातचं पीठ जाडंभरडं निघतं, भाकऱ्या थापताना तुटतात. राज्यातल्या बायका कपाळावर हात मारून घेतात, पण भाकरी टाकत कुणी नाही; आपला राजा दगड झाला नाही, याचंच त्यांना अप्रूप. जसा राजाच्या घरी हाताला हात लागला, तसा तुमच्याआमच्या घरीही लागो.