घोटलेल्या पायऱ्या

“मग मला तेव्हाच का नाही टोकलंत?”

केरबानं हे विचारलं तेव्हा सटवाजीबाबा मठाच्या कुंडाशी छिन्नीला धार लावत बसले होते, आणि मी, त्यांचा शेजारी, जवळच बसलो होतो.

बाबा गावचे पाथरवट, केरबा त्यांचा शिष्य. हात देवानं दिलेला, आणि जीभही. बाबांची नजर गेली, आता ते दगड खडबडीत सोडतात, असं गावभर सांगत फिरायचा.

कुंडाच्या अकरा पायऱ्या बाबांनी मुद्दामच खरखरीत ठेवल्या होत्या. बाबा आठवडाभर परगावी गेले, तेवढ्यात या शहाण्यानं त्या घासून, घोटून तोंड दिसेल अशा केल्या. लोक बघायला आले. वाहवा झाली.

बाबा परतले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको, तानूकाकू, भरली घागर घेऊन ओल्या पावलांनी वर येताना घसरल्या. खुबा मोडला. दीड महिना अंथरुणात काढला आणि गेल्या.

तेव्हापासून पायऱ्यांवर गोणपाट पडलं होतं. बाबा केरबाला चकार शब्द बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

आज, काकूंच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तो हत्यारांची पिशवी परत द्यायला आला होता. यापुढं दगडाला हात लावायचा नाही म्हणाला.

“मी माजलो होतो, बाबा. पण तुम्ही जाणते. आल्यावर पाहिलंत ना?”

धार लावणारा हात थांबला.

“पाहिलं.”

“मग…?”

बाबांनी गोणपाटाकडे बोट केलं.

“चांगल्या दिसत होत्या रे,” ते म्हणाले. “चाळीस वर्षांत माझ्या हातून तशी झिलई उतरली नाही. म्हटलं, चार दिवस बघू दे लोकांना… मग टाकी लावून परत खरखरीत करू.”

केरबा रडायला लागला. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठवेना.

बऱ्याच वेळानं बाबांनी त्याच्या पिशवीतली छिन्नी काढली, त्याच्या हातात दिली. मग वाकून गोणपाट ओढलं, आणि आपली छिन्नी घेऊन, भिंत धरून, अनवाणी, एकेक पायरी उतरू लागले.

मधेच एका पायरीवर थांबले. तिथंच बसले.

“तू खालून टाकी लावत ये,” बाबा म्हणाले. “ती घसरली ती पायरी मला ठेव.”