ओट्याचा मान

माणसांनी चुली जमिनीवरून उचलून ओट्यावर मांडल्या, तेव्हाची गोष्ट. इंदुमतीबाई नव्या घराच्या ओट्यासाठी दगड पाहायला फरशीवाल्याकडे आल्या. तिथल्या करड्या संगजिऱ्यावर त्यांनी नख ओढून पाहिलं. पांढरा ओरखडा उठला.

“अगंबाई, इतका मऊ! याच्यावर स्वयंपाक करायचा की यालाच जपत बसायचं?”

“बाई, तेलाचं बोट फिरवा, ओरखडा जाईल,” संगजिरा म्हणाला. “तापलेली कढई ठेवा, लिंबू पिळा, हळद सांडा. माझं काही बिघडत नाही.”

“गरिबाघरचे गुण!” शेजारच्या संगमरवरानं नाक मुरडलं. “बाई, माझी कांती बघा.”

बाईंनी कांती बघितली. संगमरवर ओट्यावर चढला आणि संगजिरा गेला मागच्या दारी, धुणं आपटायला.

वास्तुशांतीला बाईंनी ओट्याची यथासांग पूजा केली. ओल्या हळदीचं स्वस्तिक काढलं, दृष्ट लागू नये म्हणून लिंबू कापून ठेवलं. संध्याकाळी पुसायला गेल्या, तर स्वस्तिक जाईना आणि लिंबाखालची चकाकी साफ उडालेली. बाईंनी कपाळाला हात लावला. पण एवढा देखणा ओटा आणखी खराब कसा होऊ द्यायचा? त्यांनी त्यावर प्लास्टिक घातलं, वर भरतकामाची चादर अंथरली आणि शेगडी उचलून मागच्या दारी धुण्याच्या दगडावर नेली.

“कसला रे वास येतोय?” चादरीखालून संगमरवरानं विचारलं.

“फोडणीचा,” संगजिरा म्हणाला. “तू पड निवांत. पाहुणे आले की उठवतील तुला.”