समुद्रापलीकडचा फराळ

“पण त्याला पंगतीत बसवायचं तरी कसं, महाराज?”

वासुदेवाचा आवाज चढला होता. खाडीकाठच्या त्या लहानशा मठाचं स्वयंपाकघर तोच सांभाळी. सोवळ्याओवळ्यात असा कडक, की मठाधिपती भार्गवबुवा त्याला लाडानं ‘आमची धर्मसभा’ म्हणत.

“कुणाला?” बुवांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं.

“रघुदादाला.”

रघुनाथ वासुदेवाचा सख्खा थोरला भाऊ. आफ्रिकेत कैक वर्षं रेल्वेची कारकुनी करून सकाळीच बोटीतून उतरला आणि घरी जायच्या आधी धाकट्याला भेटायला मठात आला. केव्हाचा ओसरीवर बसून होता. धाकटा अजून त्याच्यासमोर गेलाही नव्हता.

“समुद्र ओलांडून आलेलं आपल्या पंगतीला चालत नाही,” वासुदेव म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

“खरं आहे रे बाबा…”

बुवा उठले, स्वयंपाकघरात गेले. एकादशी होती. त्यांनी बटाट्यांची पाटी उचलली आणि ओसरीवर रघुनाथाशेजारी नेऊन ठेवली.

“महाराज! फराळाचे बटाटे ते!”

“मुळात फिरंग्यांच्या गलबतातून आलेत या देशात. नियम म्हणजे नियम.”

पाठोपाठ रताळी गेली. शेंगदाण्यांचा डबा गेला.

“शेंगदाणेसुद्धा?”

“तेसुद्धा. शास्त्र लिहिणाऱ्यांना यांची नावंच ठाऊक नव्हती. म्हणून उपासाला मनाई करायची राहून गेली.”

शेवटी बुवांनी हिरव्या मिरच्यांना हात घातला, तेव्हा मात्र वासुदेव दारात आडवा झाला. तिखटावाचून त्याला घास उतरत नसे.

“मिरची तरी आपली आहे, महाराज!”

“लाडकी आहे. म्हणून आपली वाटते.”

मिरच्याही गेल्या.

पंगत बसली. पानावर वरीचे तांदूळ, वाटीत ताक, वर मिरीची चिमूट. पंगतीतल्या म्हाताऱ्या अंतूकाकांनी एक घास घेतला आणि मान वर केली.

“वासुदेवा, आज उपास आहे की शिक्षा?”

सगळे हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी आपलं पान उचललं आणि सरळ ओसरीकडे निघाले. वासुदेव मागोमाग धावला.

बाहेर रघुनाथ शेंगदाण्यांतले खडे वेचत होता. नुसतं बसून राहणं त्याला कधी जमलंच नाही.

“वासू,” तो म्हणाला, “मिरच्या ने हो. मी शिवलो नाही त्यांना.”

वासुदेवाला हार मानायची सवय नव्हती. तो बुवांकडे वळला.

“पलीकडून नुसत्या मिरच्या येतात का, महाराज? गाठीचा ताप, तो प्लेग, जहाजांतूनच आला. तुमचा विनायक त्यातच…”

त्यानं जीभ चावली.

“गेला,” बुवा म्हणाले. “धाकटा भाऊ होता माझा. बंदरावर नोकरीला. शेवटी त्याचं तोंडसुद्धा मला पाहू दिलं नाही.”

वासुदेव खाली बसला, दादाच्या पायांशी. रघुनाथानं खडे बाजूला टाकले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघेही रडले. इतक्या वर्षांनी भेटलेल्या भावांनी दुसरं काय करायचं?

बुवा हातात पान धरून तसेच उभे होते.

वासुदेवानं डोळे पुसले. “महाराज, आत चला. दादाला घेऊनच येतो मी. पंगत खोळंबली आहे.”

“खोळंबू दे. जहाजातून ताप उतरलेला मी पाहिलाय, वासू. भाऊ उतरलेला आजच पाहतोय… सरक जरा. मला बसू दे.”